पर्थच्या लॉगमधल्या सात नोंदी: एमएच ३७० चा माग एका जुन्या दळणवळण उपग्रहावरून कसा काढला

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या, उपग्रहाचे संकेत घेणाऱ्या भूकेंद्राच्या लॉगमध्ये ८ मार्च २०१४ च्या सकाळच्या दोन ओळी आहेत. मलेशियन वेळेनुसार पहिली ०८:१९:२९ ची, दुसरी ०८:१९:३७ ची. पहिलीत वारंवारतेचा फरक १८२ हर्ट्‌झ, दुसरीत उणे २. मध्ये फक्त आठ सेकंद. त्या दिवशी बेपत्ता झालेल्या, मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानाकडून आलेले हे शेवटचे संकेत. त्यांत शब्द नाही, स्थान नाही, उंची नाही. तरीही हिंदी महासागराच्या तळाशी झालेला एवढा मोठा शोध अशाच मोजक्या ओळींच्या आधारावर झाला.

या ओळी कशा पडल्या, त्यांतून काय काढता आलं आणि काय काढता येणारच नव्हतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पृथ्वीवर नजर ठेवणारे कॅमेऱ्याचे उपग्रह या प्रकरणात निरुपयोगी ठरले. माग लागला तो १९९६ साली सोडलेल्या, नजर ठेवण्यासाठी बनवलेल्याच नसलेल्या एका दळणवळण उपग्रहामुळे.

त्या रात्रीचा क्रम

सगळ्या वेळा मलेशियाच्या आहेत. भारतीय वेळ अडीच तासांनी मागे. बोइंग ७७७-२०० ईआर जातीचं विमान ००:४२ ला क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालं. आत २३९ जण: २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. प्रवाशांत पाच भारतीय होते, आणि त्यांत मराठी माणसंही होती. निघताना टाक्यांत ४९.१ टन इंधन होतं. ०१:०७ ला विमानाच्या अकार्स यंत्रणेने स्वयंचलित अहवाल पाठवला, तेव्हा ४३.८ टन शिल्लक होतं. पुढचा अहवाल अर्ध्या तासाने, ०१:३७ ला यायला हवा होता. तो आला नाही.

०१:१९ ला वैमानिकाचं शेवटचं बोलणं झालं. ०१:२१ ला विमान नागरी रडारच्या पडद्यावरून गेलं. नागरी नियंत्रक विमानाच्या ट्रान्सपॉन्डरने दिलेलं उत्तर पाहतात. उत्तर थांबलं की ठिपका जातो. लष्करी रडार मात्र धातूवरून परतलेली लहर पाहतं. त्याच्या नोंदीत विमान मागे वळलेलं, मलय द्वीपकल्प ओलांडून पेनांगच्या बाजूने मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरलेलं दिसतं. ०२:२२ ला तेही पल्ल्याबाहेर गेलं.

तीनच मिनिटांनी, ०२:२५ ला, विमानाच्या उपग्रह टर्मिनलने स्वतःहून पर्थकडे लॉग-ऑन, म्हणजे नव्याने जोडणी, मागितला. टर्मिनल असा लॉग-ऑन बहुधा वीज जाऊन परत आल्यावर मागतं. मधल्या काळात ते गप्प होतंच: ०२:०३ ला जमिनीवरून पाठवलेल्या संदेशाला पोच मिळाली नव्हती. वीज का गेली आणि का परत आली, हे लॉग सांगत नाही. पण या एका पुनर्जोडणीमुळे पुढच्या सहा तासांचा माग शक्य झाला.

लॉग कशासाठी होता

उपग्रहाचं नाव इन्मारसॅट-३ एफ१. जागा विषुववृत्तावर ६४.५ अंश पूर्व रेखांश, म्हणजे मालदीवच्या पश्चिमेला, सुमारे ३५,८०० किमी उंचीवर. मुंबईतून डिश त्याच्याकडे वळवायची तर दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर. विमान या उपग्रहाशी एल-बँडमध्ये, १.६ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतं. उपग्रह ते बोलणं सी-बँडमध्ये बदलून ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या भूकेंद्राकडे टाकतो. तो स्वतः काही तपासत नाही, साठवत नाही. आलेला संकेत वारंवारता बदलून पुढे ढकलतो.

भूकेंद्राकडे प्रत्येक जोडलेल्या विमानामागे एक टायमर असतो. तासभर काहीच देवाणघेवाण झाली नाही तर केंद्र विचारतं, ‘आहेस का?’ टर्मिनल उत्तर देतं, ‘आहे.’ एवढाच तो हँडशेक. त्यासाठी वैमानिकाला काही करावं लागत नाही, आणि अकार्स बंद असलं तरी टर्मिनलला वीज मिळत असेपर्यंत तो होतो. घरातला कोणी बोलत नसला तरी वीजमीटर फिरतोय म्हणजे आत दिवा लागलेला आहे, इतपतच त्याचा अर्थ.

०३:४१, ०४:४१, ०५:४१, ०६:४१ आणि ०८:११ ला असे हँडशेक झाले. शिवाय ०२:३९ आणि ०७:१३ च्या सुमारास कंपनीने जमिनीवरून विमानाला फोन लावले. फोन लागले, कोणी उचलले नाहीत. दुसऱ्या फोनमुळे टायमर नव्याने सुरू झाला, म्हणून ०७:४१ ची नोंद नाही. ०८:१९ ला विमानाकडून पुन्हा लॉग-ऑन आला. ०२:२५ चा लॉग-ऑन, हे पाच हँडशेक आणि हा शेवटचा लॉग-ऑन, अशा त्या सात नोंदी. ०९:१५ ला पर्थने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं नाही.

या नोंदींत वेळेचा आकडा होता, हे फार थोडक्यात जमलेलं आहे. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान अटलांटिकमध्ये पडलं आणि त्याचा मुख्य सांगाडा सापडायला दोन वर्षं लागली. त्यानंतर भूकेंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक संकेताच्या पोहोचण्याच्या वेळेतला फरक साठवायची सोय केली गेली. केंद्राला रोजच्या कामासाठी हा आकडा फक्त त्या क्षणापुरता लागतो. तो साठवायचं कोणी ठरवलं नसतं, तर एमएच ३७० सकाळपर्यंत उडत होतं एवढंच कळलं असतं. कुठे, हे कधीच नाही.

वेळेचा आकडा: उपग्रहापासून किती दूर

या आकड्याला बर्स्ट टायमिंग ऑफसेट, थोडक्यात बीटीओ म्हणतात. पर्थहून निघालेला संकेत उपग्रहामार्गे विमानात जातो, उत्तर त्याच वाटेने परत येतं. उपग्रहाच्या बरोबर खाली, समुद्रसपाटीवर टर्मिनल असतं तर उत्तर केव्हा आलं असतं, हे केंद्राला माहीत असतं. त्यापेक्षा प्रत्यक्ष उत्तराला जितका उशीर झाला, तो बीटीओ, मायक्रोसेकंदांत. नोंद २० मायक्रोसेकंदांच्या पायरीने होते. जाऊन-येऊन अंतराचा हिशेब धरला तर एक पायरी म्हणजे तिरकस रेषेत ३ किमी.

टर्मिनलच्या आतल्या विलंबासाठी एक स्थिर दुरुस्ती लागते. ती काढायला विमानाची जागा पक्की माहीत असलेली वेळ हवी. ती होतीच: उड्डाणापूर्वी विमान क्वालालंपूरच्या गेटवर उभं होतं आणि टर्मिनल चालू होतं. त्यावरून दुरुस्ती निघाली उणे ४,९५,६७९ मायक्रोसेकंद.

आता सातव्या नोंदीचा हिशेब हातानेच करून पाहू. ०८:१९ चा वापरण्याजोगा बीटीओ १८,४००. त्यातून दुरुस्ती वजा केली की ५,१४,०७९ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने गुणून दोनने भागलं की सुमारे ७७,०५९ किमी. ही पर्थ ते उपग्रह आणि उपग्रह ते विमान या दोन अंतरांची बेरीज. त्या क्षणी पर्थपासून उपग्रह सुमारे ३९,१९० किमीवर होता. उरले सुमारे ३७,८७० किमी: उपग्रहापासून विमानाचं अंतर. पृथ्वीच्या पाठीवर उतरवलं तर उपग्रहाखालच्या बिंदूपासून सुमारे ४,९०० किमी त्रिज्येचं वर्तुळ येतं. विमान या वर्तुळावर कुठेतरी होतं. वर्तुळाचा जो भाग विमानाच्या आवाक्यात होता, तो ‘सातवा कंस’ म्हणून ओळखला जातो.

इथे तीन ठिकाणी चूक होऊ शकते. एक, उंची. विमान १० किमीवर होतं की पाण्याजवळ, यावर कंस जमिनीवर सुमारे ८ किमी सरकतो. दोन, मोजणीचा स्वतःचा थरथराट; सगळं धरून अचूकता साधारण १० किमी. तिसरी चूक फसवी आहे. लॉग-ऑनच्या वेळचे कच्चे बीटीओ विचित्र येतात. ०८:१९:२९ चा कच्चा आकडा १८,४०० नव्हता, २३,००० होता, आणि आठ सेकंदांनंतरचा ४९,६६०. हे आकडे जसेच्या तसे घेतले तर विमान हजारो किलोमीटर बाजूला जातं. याच जातीच्या टर्मिनलच्या आधीच्या लॉग-ऑनांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की पहिल्या विनंतीत ४,६०० मायक्रोसेकंद जास्तीचे येतात, आणि पुढच्या संदेशात ७,८२० च्या पटीत. २३,००० मधून ४,६०० वजा केले की १८,४००. ४९,६६० मधून ७,८२० ची चौपट वजा केली की १८,३८०. दोन वेगळ्या चुका काढून आकडे एका पायरीवर जुळतात. ०२:२५ च्या नोंदीतही तीच ४,६०० ची दुरुस्ती केली की १७,१२० चे १२,५२० होतात आणि नंतरच्या मिनिटांतल्या साध्या नोंदींशी बसतात.

सगळे बीटीओ ओळीने लिहिले की उड्डाणाचा आकार डोळ्यांना दिसतो: १२,५२०, ११,५००, ११,७४०, १२,७८०, १४,५४०, १८,०४०, १८,४००. आधी विमान उपग्रहाच्या जवळ येतंय. ०३:४१ नंतर कधीतरी सर्वांत जवळ, मग दूर. दूर जाण्याची गतीही पाहा: पहिल्या तासात २४०, मग १,०४०, मग १,७६०, त्यानंतर दीड तासात ३,५००, म्हणजे तासाला सुमारे २,३३०. एका खांबाच्या बाजूने सरळ रस्त्याने गाडी जाते, तेव्हा खांबापासूनचं अंतर असंच वाढतं: आधी सावकाश, मग वेगाने. घिरट्या घालणाऱ्या किंवा वारंवार वळणाऱ्या विमानाचे आकडे इतके सुरेख वाढले नसते. शेवटचे काही तास विमान जवळपास सरळ गेलं, हा निष्कर्ष इथूनच येतो.

पण उपग्रहाभोवतीच्या वर्तुळाला उत्तर-दक्षिण कळत नाही. १५ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी दोन पट्टे जाहीर केले: एक कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानच्या सीमेपर्यंत, दुसरा इंडोनेशियापासून दक्षिण हिंदी महासागरापर्यंत. बीटीओच्या दृष्टीने दोन्ही सारखेच खरे.

वारंवारतेचा आकडा: उत्तर की दक्षिण

दुसरा आकडा बर्स्ट फ्रीक्वेन्सी ऑफसेट, म्हणजे बीएफओ. विमान वेगाने जातं म्हणून डॉप्लरमुळे त्याच्या संकेताची वारंवारता सरकते. उपग्रहाच्या दिशेने ताशी ९०० किमी असेल तर सुमारे १,३७० हर्ट्‌झ. एवढं सरकणं चालत नाही, म्हणून टर्मिनल स्वतःची जागा, दिशा आणि वेग पाहून वारंवारता आधीच उलट्या बाजूला सरकवून पाठवतं. तेव्हा पर्थला दिसणारा फरक शून्य यायला हवा.

तो आला नाही, आणि तिथेच सगळी माहिती आहे. या विमानावरचं टर्मिनल हिशेब करताना उपग्रह ६४.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या नेमका वर, अढळ उभा आहे असं धरत होतं. प्रत्यक्षात हा उपग्रह म्हातारा झाला होता. उत्तर-दक्षिण जागा राखायला इंधन फार लागतं, म्हणून ते थांबवलेलं होतं आणि त्याची कक्षा सुमारे १.६ अंश कललेली होती. दिवसातून एकदा तो विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला झुलत होता. त्या रात्री ०३:३६ च्या सुमारास तो उत्तरेच्या टोकाला पोहोचला आणि दक्षिणेकडे परतू लागला. पहाटेपर्यंत त्याचा दक्षिणेकडचा वेग ताशी ३०० किमीच्या घरात गेला.

म्हणजे विमान दक्षिणेला असेल तर उपग्रह त्याच्याकडे येतोय, उत्तरेला असेल तर त्याच्यापासून दूर जातोय. टर्मिनलने हे धरलेलंच नव्हतं, त्यामुळे तो फरक बीएफओमध्ये तसाच उरला. दोन्ही पट्ट्यांवरच्या काल्पनिक मार्गांचे बीएफओ काढून प्रत्यक्ष आकड्यांशेजारी मांडले, तेव्हा दक्षिणेची रेघ जुळत गेली आणि उत्तरेची तासागणिक लांब गेली. मोजणीतली चूक पाच-सात हर्ट्‌झची. दोन रेघांमधलं अंतर त्याच्या कितीतरी पट. उपग्रह तरुण आणि स्थिर असता तर हा निकाल इतका स्वच्छ लागला नसता. दुसऱ्या काही टर्मिनलांत उपग्रहाकडून आलेल्या संकेतावरूनच वारंवारता जुळवली जाते. तसं टर्मिनल असतं तरीही हा उरलेला फरक पुसला गेला असता.

हिशेब वाटतो तितका सरळ नव्हता. बीएफओमध्ये विमानाच्या ऑसिलेटरची, म्हणजे वारंवारता ठरवणाऱ्या भागाची, स्वतःची चूक असते, उपग्रहाच्या ऑसिलेटरची असते आणि पर्थच्या स्वयंचलित वारंवारता नियंत्रणाने केलेली अर्धवट भरपाईही असते. त्यात मार्च महिना. विषुवदिनाच्या आसपास भूस्थिर उपग्रह रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. त्या रात्रीही साधारण तासभर तो सावलीत होता. सावलीत उपग्रह थंड होतो, ऑसिलेटरची वारंवारता हलते आणि नेमक्या त्या तासातला बीएफओ डळमळतो. ही दुरुस्ती काढण्यासाठी त्याच रात्री त्याच उपग्रहाशी जोडलेल्या, मार्ग माहीत असलेल्या इतर विमानांच्या नोंदी तपासल्या गेल्या. याच विमानाच्या आधीच्या उड्डाणांच्या नोंदीही घेतल्या. २४ मार्चला मलेशियाने जाहीर केलं: उड्डाण दक्षिण हिंदी महासागरात संपलं. २७ मे रोजी ४७ पानांचा लॉग प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या स्वतंत्र अभियंत्यांनी तो हिशेब स्वतः करून पाहिला. दिशेबाबतचा निष्कर्ष टिकला.

न उचललेल्या फोनांचाही उपयोग झाला. फोनच्या चॅनेलवर बीटीओ नोंदला जात नाही, पण बीएफओ मिळतो. ०२:३९ च्या फोनचा बीएफओ आधीच्यापेक्षा बराच घसरलेला आहे. विमान तेव्हा एका पातळीत उडत असेल, तर ते तोवर दक्षिणेकडे वळलेलं होतं.

शेवटचे आठ सेकंद

०८:१९ चा लॉग-ऑन वेळापत्रकातला नव्हता. साडेसात तासांहून जास्त उड्डाणानंतर, इंधन संपायच्या अपेक्षित वेळेलाच तो आला. मेळ असा बसतो: दोन्ही इंजिनं बंद पडली, वीज गेली, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन आपोआप सुरू झालं, नळीत उरलेल्या थोड्याशा इंधनावर त्याने पुन्हा वीज दिली आणि टर्मिनल जागं होऊन पर्थला हाक मारू लागलं. ०२:२५ च्या लॉग-ऑननंतर दोन-तीन मिनिटांत प्रवाशांच्या करमणूक यंत्रणेनेही जोडणी मागितली होती. ०८:१९ नंतर ती कधीच मागितली गेली नाही. तोवर विमान पाण्यात असावं, किंवा अँटेना उपग्रहाकडे राहिलेली नसावी.

टर्मिनल भरपाई करताना विमान वर-खाली जात नाही असं धरतं. म्हणून उभा वेग थेट बीएफओत उतरतो. उपग्रह क्षितिजापासून ३९ अंशांवर असताना मिनिटाला १,००० फूट उतरणं म्हणजे साधारण १७-१८ हर्ट्‌झची घट. १८२ वरून उणे २, म्हणजे १८४ हर्ट्‌झ. आठ सेकंदांत उतरण्याचा वेग मिनिटाला दहा हजार फुटांहून जास्त वाढला. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मर्यादा अशा: पहिल्या क्षणी मिनिटाला २,९०० ते १५,२०० फूट, दुसऱ्या क्षणी १३,८०० ते २५,३०० फूट. नुकतं सुरू झालेलं ऑसिलेटर स्थिर व्हायला वेळ घेतं, म्हणून मर्यादा इतक्या रुंद. पण खालचा आकडा धरला तरी हे अलगद तरंगत उतरणारं विमान नाही.

कॅमेऱ्यांना काय दिसलं

याच आठवड्यांत पाळतीचे उपग्रहही कामाला लावले होते. १२ मार्चला चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या तीन तरंगत्या वस्तूंची ९ तारखेची चित्रं प्रसिद्ध केली. विमानं गेली, काही मिळालं नाही. २० मार्चला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं की पर्थच्या नैर्ऋत्येला सुमारे २,५०० किमीवर वस्तू दिसल्या आहेत, सर्वांत मोठी २४ मीटरची. ते चित्र १६ तारखेचं होतं. मग फ्रेंच चित्रांत १२२ वस्तू, थाई चित्रांत सुमारे ३००. यांतली एकही वस्तू विमानाची म्हणून हाती आली नाही.

दोष कॅमेऱ्याच्या ताकदीचा नव्हता. अर्ध्या मीटरच्या तपशिलाचं चित्र घेणारा उपग्रह एका वेळी साधारण १६ किमी रुंदीचा पट्टा टिपतो. शोधायचा समुद्र लाखो चौरस किलोमीटर. त्या अक्षांशांवर वारा आणि लाटा अखंड; लाटेच्या फेसाचा पांढरा ठिपका आणि पंखाचा तुकडा चित्रात सारखेच दिसतात. चित्र तपासून बातमी बाहेर पडेपर्यंत चार दिवस, तोवर वस्तू प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे. आणि मुख्य म्हणजे कॅमेरे चुकीच्या पाण्याकडे वळलेले होते. २८ मार्चला शोधाचं क्षेत्र एकदम १,१०० किमी ईशान्येला हलवलं गेलं, कारण सुरुवातीच्या रडार टप्प्यात विमान आधी समजलं त्याहून वेगात होतं. वेग जास्त म्हणजे इंधन लवकर संपणार, म्हणजे दक्षिणेकडची मजल कमी. ज्या वस्तूंसाठी आठवडाभर विमानं धावली, त्या पाण्यात ते विमान असणंच अवघड होतं. भारताचं नौदल आणि तटरक्षक दल त्याआधी अंदमान समुद्रात शोधत होतं. तो भागही लॉगच्या हिशेबाने बाद झाला.

कंस सापडला, बिंदू नाही

एप्रिलमध्ये ‘ओशन शील्ड’ जहाजाने पाण्याखालचे आवाज ऐकले आणि आशा वाढली. ब्लॅक बॉक्सचा बीकन ३७.५ किलोहर्ट्‌झवर बोलतो. ऐकलेले आवाज ३३ च्या आसपास. त्या जागेभोवती ८५० चौ. किमी तळ पाण्याखाली स्वतः फिरणाऱ्या यंत्राने तपासून झाल्यावर मे अखेरीस ते आवाज विमानाचे नव्हते हे मान्य झालं. बीकनची बॅटरी ३० दिवसांची. शिवाय या विमानातल्या फ्लाइट डेटा रेकॉर्डरच्या बीकनच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती, हे पुढे अधिकृत अहवालात आलं.

मग सातव्या कंसाच्या बाजूने सोनार ओढत तळ पाहणं सुरू झालं. खोली काही ठिकाणी ६ किमीच्या घरात, तळाचा नकाशाच नव्हता. तो आधी करावा लागला. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौ. किमी पाहून शोध थांबला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने ‘सापडलं तरच पैसे’ या अटीवर काही महिन्यांत आणखी १,१२,००० चौ. किमी पाहिलं. तरीही नाही.

आमच्या मते इथे उपग्रहाच्या आकड्यांना दोष देणं चूक आहे. बीटीओ कंसाला आडवं १० किमीपर्यंत अचूक सांगतो. कंसाच्या लांबीत विमान कुठे होतं, हे तो अजिबात सांगत नाही. बीएफओ ते फार ढिलं सांगतो. त्या लांबीसाठी माणसांना गृहीतकं घ्यावी लागली: ०२:२८ नंतर एकच मोठं वळण, मग स्वयंचलित चालन, वेग ठरावीक, शेवटी कोणाचाही हात नाही. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी लाखो संभाव्य मार्ग चालवून त्यांच्या शक्यता काढल्या, पण त्या शक्यताही याच गृहीतकांवर टेकलेल्या. दक्षिणेचं वळण अर्धा तास उशिरा घेतलं तर शेवटचा बिंदू कंसावर शेकडो किमी सरकतो. आणि शेवटी कोणी विमान तरंगवत नेलं असेल, तर ते कंसापासून आडवंही दूर जातं. शोधाची रुंदीच कमी पडते.

कंस खरा होता याची साक्ष समुद्राने दिली. २९ जुलै २०१५ ला रीयुनियन बेटावर पंखाचा फ्लॅपरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, वाहत आला. पुढे टांझानियाच्या पेम्बा बेटावर आणि मॉरिशसला पंखांचे आणखी तुकडे मिळाले आणि ते याच विमानाचे ठरले. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी बोइंग ७७७ चाच खरा फ्लॅपरॉन तसाच कापून समुद्रात सोडला, त्याचं वाहणं मोजलं आणि उलटा हिशेब केला. उत्तर आलं ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, त्याच कंसाजवळ. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला काहीच का लागलं नाही, याचाही मेळ त्याने बसतो: त्या भागातून प्रवाह पश्चिमेला, आफ्रिकेकडे नेतात. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने पुन्हा १५,००० चौ. किमीसाठी करार केला, सापडलं तर ७ कोटी डॉलर.

नियमांत काय बदललं

बीकनची बॅटरी आता ९० दिवसांची. नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावरच्या व्यापारी विमानाची जागा निदान दर १५ मिनिटांनी कळायला हवी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. इरिडियम या दळणवळण कंपनीच्या ६६ उपग्रहांवर बसवलेले रिसीव्हर २०१९ पासून विमानांचे ट्रान्सपॉन्डर थेट अवकाशातून ऐकतात, त्यामुळे महासागरावरचे आंधळे पट्टे बरेच भरले. पण ट्रान्सपॉन्डर बंद झाला तर तिथूनही काही ऐकू येत नाही. एमएच ३७० च्या बाबतीत ०१:२१ ला नेमकं तेच झालं होतं.

खरा उपाय संकटकाळच्या स्वयंचलित नोंदीचा आहे. विमानाची हालचाल अस्वाभाविक झाली की यंत्र आपोआप सुरू व्हावं, दर मिनिटाला जागा पाठवावी आणि कॉकपिटमधून कोणाला ते सहज गप्प करता येऊ नये, म्हणजे शोधाचं वर्तुळ ६ सागरी मैलांवर येतं. ही अट मात्र नव्याने बनणाऱ्या मोठ्या विमानांना आहे. एमएच ३७० म्हणून उडालेलं विमान २००२ सालचं होतं. त्या वयाचं विमान आज उडत असेल तर त्याला लागू होतो तो १५ मिनिटांचा नियम, आणि १५ मिनिटांत ते २२५ किमी पुढे गेलेलं असतं.